गर्भवतीचे ताट आणि बाळंतिणीचे ताट

प्रसूती विभागाच्या कामाचे आकडे प्रतिवर्षाप्रमाणे या अहवालात अन्यत्र दिलेले आहेत. या चार पानांत आकड्यांपेक्षा निराळ्या विषयावर थोडे सविस्तर निवेदन करावे, असे विश्वस्त मंडळाच्या बैठकीत ठरले. तो विषय म्हणजे आहार. आमच्याकडे हा प्रश्न दोन दारांनी येतो. रुग्णांचे नातेवाईक विचारतात, "बाळंतिणीला काय द्यायचे, काय वर्ज्य?" आणि आमचे सहृदय देणगीदार विचारतात, "बाळंतिणींसाठी काय पाठवू?" दोन्ही प्रश्न मायेपोटी येतात, आणि दोन्हींत एकच गोष्ट गृहीत धरलेली असते: आहाराची काळजी बाळंतपणानंतर सुरू होते. या गृहीताविषयीच प्रामुख्याने लिहावयाचे आहे.

आम्ही वैद्यकीय व्यवसायातील नव्हे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि काम व्यवस्थेचे व हिशेबाचे. म्हणून हा मजकूर आपल्या रुग्णालयाच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना व आहारतज्ज्ञांना वाचावयास दिला आणि त्यांनी सुचविलेल्या दुरुस्त्या करूनच छापला आहे.

प्रथम परंपरेचे देणे मान्य केले पाहिजे. बाळंतिणीसाठी स्वतंत्र स्वयंपाक करण्याची आपल्याकडची रीत ही साधी गोष्ट नाही. एरवी ज्या घरात सून सर्वांच्या मागून जेवते, त्याच घरात सव्वा महिना तिचे ताट आधी वाढले जाते, ते गरम असते आणि त्यावर तूप असते. कोकणात ओल्या नारळातली अळिवाची खीर, देशावर डिंकाचे आणि मेथीचे लाडू, मराठवाड्यात बाजरीची भाकरी, शेपूची भाजी आणि लसणाची चटणी, किनाऱ्यावरच्या घरांत ताज्या माशांचे कालवण, इतरत्र पायाचे सूप. प्रांताप्रांतांचे आणि जातीजातींचे पदार्थ निराळे, पण त्यामागचे धोरण एकच. मुगाचे किंवा कुळथाचे कढण, सुंठ घातलेला सांजा, जेवणानंतर बाळंतशेपा, ओवा, तीळ आणि खोबरे भाजून केलेली सुपारी. हे सारे धान्य, कडधान्य, तेलबिया, पालेभाजी आणि दूधदुभते यांच्यातून उभे राहिलेले अन्न आहे. त्यात डबाबंद असे काही नाही आणि कारखान्यात तयार झालेले तर नाहीच.

आधुनिक आहारशास्त्राच्या दृष्टीनेही यातील बरेच काही रास्त ठरते. स्तनपान देणाऱ्या मातेस पहिले सहा महिने दररोज सुमारे ६०० जादा उष्मांक आणि सुमारे १७ ग्रॅम जादा प्रथिने लागतात, असे हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० सालचे मार्गदर्शन सांगते. ६०० उष्मांक म्हणजे जवळजवळ एक जास्तीचे जेवण. ज्या स्त्रीला दिवसातून आठ-दहा वेळा बाळाला घ्यावे लागते, तिला एका बैठकीत एवढे खाणे शक्य नसते. अशा वेळी खारीक, सुके खोबरे, बदाम, खसखस, गूळ आणि तूप एकत्र आलेला लाडू सकाळी हातात देणे ही फार व्यवहार्य योजना आहे. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. लाडवाला नाव डिंकाचे असले, तरी त्याचे पोषण मुख्यतः त्याच्या भोवतालच्या जिन्नसांत असते. डिंक हा बहुतांशी तंतुमय पदार्थ आहे. तो तळून फुलतो, लाडवाला खमंगपणा आणतो. परंतु खोबरे आणि सुकामेवा कमी करून डिंक व साखर वाढविलेला बाजारचा लाडू घरच्या लाडवाची जागा घेऊ शकत नाही.

अळिवाविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे, कारण अळीव खाल्ले की रक्त वाढते, ही समजूत सार्वत्रिक आहे. तिला आधारही होता. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत १०० ग्रॅम अळिवात १०० मिलिग्रॅम लोह असल्याची नोंद आहे, आणि हाच आकडा असंख्य पाकपुस्तकांतून व मासिकांतून फिरत राहिला. त्याच संस्थेने २०१७ साली नव्याने तपासण्या करून जी कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांत हा आकडा सुमारे १७ मिलिग्रॅम आहे. एका लाडवात एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १० ग्रॅम अळीव जाते असे धरले, तर जुन्या हिशेबाने १० मिलिग्रॅम लोह मिळे. नव्या हिशेबाने ते दीड-पावणेदोन मिलिग्रॅम भरते. स्तनपान देणाऱ्या मातेची रोजची शिफारस २३ मिलिग्रॅमची आहे. अळीव त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. त्यात प्रथिने आहेत, कॅल्शियम आहे आणि लोहही बहुतेक धान्यांपेक्षा अधिक आहे. मात्र अळीव चालू आहे म्हणून लोहाच्या गोळ्या बंद केल्या, असे जे आम्हांस नातेवाईकांकडून ऐकावयास मिळते, त्याचा हिशेब जुळत नाही. अळीव हे अन्न आहे, त्याच्याकडून औषधाचे काम घेऊ नये. गर्भारपणी अळीव न देण्याची जुनी रीत आहे, ती पाळावी. तो बाळंतपणानंतरचाच पदार्थ आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो.

एका संपूर्ण गर्भारपणात स्त्रीच्या शरीराला सुमारे १००० मिलिग्रॅम लोहाची तरतूद करावी लागते. त्यातील साधारण ३०० बाळ आणि वार यांच्याकडे जाते, सुमारे ५०० तिचे स्वतःचे रक्त वाढण्यासाठी लागते आणि उरलेले रोजच्या नैसर्गिक झिजेत खर्च होते. खर्चाचा मोठा भाग उत्तरार्धात पडतो. परंतु ज्या स्त्रीच्या गाठी आरंभीच काही शिल्लक नाही, तिला तो भागविणे अवघड जाते. आणि शिल्लक नसणाऱ्या स्त्रिया थोड्या नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील गर्भवतींपैकी ५२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ४६ टक्के होते. गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली असले की रक्तक्षय समजतात, ७ च्या खाली गेले की तो तीव्र मानतात. प्रसूतीच्या वेळी पाव ते अर्धा लिटर रक्त जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. ज्या मातेचे हिमोग्लोबिन १२ आहे, ती ते सोसते. ज्या मातेचे ७ आहे, तिच्या बाबतीत थोडा जादा रक्तस्रावही जिवावर बेतू शकतो. रात्री-अपरात्री रक्तपेढीकडे धावणारे पती व भाऊ आमच्या व्हरांड्यात आम्ही पाहतो. त्या क्षणी लाडवांचा डबा काही करू शकत नाही. जे करावयाचे होते, ते सहा महिन्यांपूर्वी करावयाचे होते.

आपल्या परंपरेला हे ठाऊक नव्हते असेही नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात गर्भिणीची परिचर्या महिन्यामहिन्याने सांगितलेली आहे आणि ती पहिल्या महिन्यापासून, दुधाने, सुरू होते. पुढे दुधाबरोबर मध-तूप, लोणी, असा क्रम चढत जातो. सूतिकेचा, म्हणजे बाळंतिणीचा आहार त्यानंतर येतो. घराघरांतून मात्र त्या क्रमाचा उत्तरार्ध टिकला आणि पूर्वार्ध बव्हंशी विसरला गेला. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते, हिरवी साडी नेसवून छायाचित्रे काढली जातात. तोवरचे सहा महिने ती काय जेवत होती, हे कोणी विचारत नाही. याहून चिंतेची गोष्ट म्हणजे काही घरांत शेवटच्या महिन्यांत तिला मुद्दाम कमी जेवू घालतात. बाळ मोठे झाले तर अडेल, ही भीती त्यामागे असते. पूर्वी गावात सुईणीखेरीज कोणी नसताना ही भीती समजण्यासारखी होती. आज डॉक्टरांच्या देखरेखीखाली बाळंतपण होत असताना तिला अर्धपोटी ठेवण्याचे काहीच कारण नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार गर्भवतीला रोज सुमारे ३५० जादा उष्मांक लागतात आणि शेवटच्या तिमाहीत २२ ग्रॅम जादा प्रथिने. म्हणजे ज्या महिन्यांत ताट कमी करण्याची रीत आहे, नेमके त्याच महिन्यांत ते वाढावयास हवे.

हे जादा ताट कशाचे असावे, यासंबंधी आपल्याच राज्यात झालेले दोन अभ्यास देणगीदारांना माहीत असावेत असे वाटते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींची नोंद ठेवली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की, एकूण उष्मांक किंवा प्रथिने किती खाल्ली याच्याशी बाळाच्या वजनाचा फारसा संबंध नव्हता. परंतु ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत होत्या, त्यांची बाळे वजनाने अधिक होती. त्यापुढचे पाऊल मुंबईत टाकले गेले. तेथील वस्त्यांमधील साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांना २००६ ते २०१२ या काळात, दिवस राहण्यापूर्वीपासून, रोज एक खाऊ देण्यात आला. निम्म्या स्त्रियांचा खाऊ पालेभाजी, फळे आणि दूध यांचा होता. उरलेल्यांचा बटाटा-कांद्यासारख्या, सूक्ष्मपोषक द्रव्ये कमी असलेल्या भाज्यांचा. सर्व स्त्रियांचा एकत्रित हिशेब केला तेव्हा बाळांच्या वजनात ठळक फरक दिसला नाही. ज्यांनी दिवस राहण्यापूर्वी किमान तीन महिने पालेभाजीचा खाऊ घेतला होता, त्यांच्या बाळांचे वजन मात्र सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाणही या गटात ७ टक्क्यांच्या आसपास राहिले, तर दुसऱ्या गटात ते १२ टक्क्यांच्या आसपास होते. अगदी कृश स्त्रियांच्या बाळांना मात्र वजनाचा लाभ झाला नाही, हेही त्यात नोंदले आहे. वर्षानुवर्षांची उपासमार काही महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही, असाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

पालेभाजी, फळ, दूध, कडधान्य. यांत महाग म्हणावे असे एक दूधच. बाजरी आणि नाचणी ही तर आपली घरची धान्ये. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२०. बाजरीत लोह पॉलिश केलेल्या तांदळाच्या कितीतरी पट आहे. आजी सकाळी नाचणीची आंबील का करीत असे, हे यावरून ध्यानी येते. रात्रभर आंबवल्याने किंवा कडधान्याला मोड आणल्याने त्यातील लोह अंगी लागण्यास अडथळा करणारी द्रव्ये कमी होतात. वरणावर लिंबू पिळण्याची आपली सवयही अशीच उपकारक आहे. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे धान्य-भाज्यांतील लोह चांगले शोषले जाते. याउलट जेवण झाल्याबरोबर घेतलेला चहा ते अडवतो. आमच्या आहारतज्ज्ञ बाई प्रत्येक गर्भवतीला चहा सोडा असे सांगत नाहीत. जेवणानंतर तास-दीड तास थांबा, एवढेच सांगतात, आणि ते पाळलेही जाते. भाजीला लोखंडी कढई वापरावी, फळांत पेरू, आवळा, केळे चालते. पिकलेली पपई बेताने खाण्यास हरकत नाही, कच्ची मात्र टाळावी. अंडे किंवा मासे घरात चालत असतील तर गर्भवतीला वर्ज्य करू नयेत. ते उष्ण पडतात या समजुतीने अनेक ठिकाणी तिच्या ताटातून पहिल्यांदा तेच जातात.

आणि गोळ्या. शासनाच्या धोरणाप्रमाणे दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस आणि प्रसूतीनंतर आणखी १८० दिवस लोह व फॉलिक ॲसिडची गोळी रोज घ्यावयाची असते. ती लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नये. मळमळते म्हणून ती बंद करण्याऐवजी डॉक्टरांना सांगून रात्री जेवणानंतर घेतलेली बरी.

बाळंतपणानंतरच्या आहारात परंपरेने जे द्यावयास सांगितले, ते बहुधा चांगले आहे. जे वर्ज्य सांगितले, त्याने मात्र नुकसान होते. पाणी कमी द्यावे, पोट सुटते, असा समज अजूनही आहे. अंगावरच्या दुधात ८५ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. ते कोठून यावयाचे? तहान लागेल तेव्हा पाणी द्यावे, कोमट द्यावयाचे असेल तर कोमट. बाळाला वायू होईल म्हणून डाळी बंद, शेपू-मेथी सोडून बाकी पालेभाज्या बंद, सर्दी होईल म्हणून फळे बंद, अशा बंदीच्या यादीनंतर ताटात उरतो तो तूपभात. सव्वा महिना तूपभात खाऊन स्त्री जाड होते आणि तरीही फिकी राहते. शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्या मातेला पहिले काही तास काय द्यावयाचे हे डॉक्टर ठरवतात. त्यानंतर टाके भरून येण्यासाठी तिला प्रथिने आणि फळे इतरांइतकीच, किंबहुना अधिक हवीत. ज्यांना गर्भारपणात मधुमेह झाला होता किंवा ज्यांचे वजन मुळातच अधिक आहे, त्यांना मात्र रोज दोन लाडू देण्याचा आग्रह धरू नये. शेतात राबणाऱ्या स्त्रीसाठी बेतलेला तो खुराक आहे. अशा मातेला मुगाचे कढण, भाकरी, भाजी आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे पुरेसे.

आणखी एक रीत आम्हांस नेहमी खटकते. पहिले बाळंतपण माहेरी होते, थाटाने होते; लाडू होतात, शेक होतो, मालीश होते. दुसऱ्या वेळी पुष्कळदा ती सासरीच असते, पदरी दोन वर्षांचे मूल असते आणि दहाव्या दिवशी ती चुलीपुढे किंवा मोरीत दिसते. तिसऱ्या वेळी तर कोणाला आठवणही राहत नाही. वास्तविक पहिल्या बाळंतपणात गेलेले लोह आणि कॅल्शियम भरून निघण्यापूर्वीच दुसरे आलेले असते, तेव्हा तिची गरज वाढलेली असते. आमच्या वॉर्डात सर्वांत फिकट चेहरे तिसऱ्या-चौथ्या खेपेच्या मातांचे असतात, आणि त्यांना भेटावयास येणारेही सर्वांत कमी असतात.

शासकीय योजनांची माहिती नातेवाईकांनी अवश्य घ्यावी. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६००० रुपये मिळतात. त्यासाठी गर्भारपणाची नोंदणी वेळेत झालेली असणे आवश्यक आहे. अंगणवाडीत गर्भवती व स्तनदा मातांसाठी पूरक आहार मिळतो आणि आदिवासी भागांत २०१५ पासून डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली रोज एक वेळचे गरम जेवण देण्यात येते. कागदपत्रे कोणती लागतात हे आमच्या समाजसेवा विभागात विचारावे. त्यासाठी येथे प्रसूतीकरिता नाव घातलेले असण्याची अट नाही.

देणगीदारांचे आमच्यावर ऋण आहे आणि त्यांनी आजवर पाठविलेल्या तुपाच्या डब्यांविषयी व लाडवांविषयी आम्ही कृतज्ञच आहोत. निर्धन माता आमच्याकडे बाळंत होऊन तीन-चार दिवस राहते आणि त्या दिवसांचे तिचे जेवण रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून विनामूल्य जाते. तो खर्च आपल्या देणग्यांतून भागतोच. परंतु तीच माता त्यापूर्वी सहा-सात महिने बाह्यरुग्ण विभागात तपासणीसाठी येत असते, पाटीवरच्या रांगेत बसते, आणि रिकाम्या हाताने घरी जाते. लाडू वाटताना छायाचित्र निघते. रांगेतल्या बाईच्या पिशवीत किलोभर नाचणीचे पीठ टाकताना निघत नाही. म्हणून विनंती अशी की, आहारासाठी द्यावयाच्या रकमेचा निम्मा तरी भाग गर्भवतींच्या तपासणीच्या दिवसासाठी राखून ठेवण्याची अनुमती देणगीदारांनी पावतीवर द्यावी. त्यातून प्रत्येक भेटीला नाचणी किंवा बाजरीचे पीठ, मूग-मटकी, शेंगदाणे आणि गूळ असा शिधा देता येईल, आणि ज्यांचे हिमोग्लोबिन ९ च्या खाली आहे त्यांना तो दुप्पट देता येईल.

वस्तुरूपाने देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी तयार पदार्थांऐवजी कोरडा शिधा द्यावा. तो टिकतो आणि मोजून वाटता येतो. धान्य निवडलेले असावे, पीठ ताजे दळलेले असावे. गर्भवतींची तपासणी दर मंगळवारी व शुक्रवारी असते, तेव्हा शिधा आदल्या दिवशी दुपारपर्यंत कोठीघरात पोचल्यास सोयीचे होईल. पावती त्याच वेळी हिशेब खात्यातून मिळेल.